खुडूक कोंबडी, मातीची भट्टी आणि हंसाची अंडी



घरापुढे चार-दोन हंस असले की राखणीला कुत्र्याची गरज भासत नाही. परका माणूस दिसला की हंस ओरडून वाडी जागी करतो, आणि बांधावरच्या गवतावर बरंचसं पोट भरतो. पण अंडी हातात आली की प्रश्न येतो, "साहेब, उबवायची कशात? यंत्र घ्यावं का?" उत्तराआधी यंत्राची जन्मकथा ऐका. उत्तर तिच्यातच आहे.

कोंबडीशिवाय अंडी उबवण्याची कला फार जुनी. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल याने सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे, की इजिप्तमध्ये शेणखताच्या ढिगात पुरलेली अंडी फुटून पिल्लं निघतात. पुढे तिथे कच्च्या विटांच्या मोठ्या भट्ट्या झाल्या. मधे बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, वर गोवऱ्यांचा आणि काडाचा मंद जाळ, खाली अंडी. थर्मामीटर नव्हता. कारागीर अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचा आणि ऊब कमी की जास्त ते ओळखायचा. ही विद्या बापाकडून लेकाकडे जाई.

फ्रान्समधला शास्त्रज्ञ रेओमूर याने शेणखताच्या उष्णतेवर अंडी उबवून पाहिली आणि १७४९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ऊब बरोबर असूनही शेणाची वाफ आत शिरली की पिल्लं कवचातच मरतात, हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे उबेइतकीच स्वच्छ हवा महत्त्वाची. १८८१ साली इंग्लंडमध्ये हिअरसन याने दिव्यावर चालणारी पेटी काढली. तिच्यात द्रव भरलेली धातूची चपटी डबी होती. ऊब वाढली की डबी फुगे, तरफ उचले आणि दिव्याची जादा उष्णता बाहेर जाई. पुढच्या विजेच्या यंत्रांनी तेच काम आणखी नेमकं केलं.

आता आपल्याकडे बघा. पुण्याजवळ खडकीला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र झालं. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली आणि पुढे तिचं मुख्य ठाणं पुण्याला आलं. अंडी वाढली, एक दिवसाची पिल्लं विकत मिळू लागली. फायदा झाला, यात शंका नाही. पण जास्त अंडी देणारी जात निवडताना खुडूक बसण्याची सवय मागे पडली. खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते, म्हणून व्यापारी जातींतून ती सवय निवडीनेच काढली गेली. लेगहॉर्न सहसा अंड्यावर बसत नाही. बसते ती आपली गावठी.

याचा धडा मी स्वतः घेतला आहे. नव्या नोकरीत हौसेने लहान यंत्र आणलं आणि हंसाची अंडी लावली. आषाढाची झड लागली आणि वेल्ह्याच्या बाजूला दीड दिवस वीज नव्हती. अंडी थंड पडली, एकही पिल्लू निघालं नाही. त्याच पावसात शेजारच्या आजींच्या खुराड्यात गावठी कोंबडी हंसाच्या पाच अंड्यांवर बसली होती. तिची चार पिल्लं निघाली. आजी म्हणाल्या, "साहेब, हिला करंट लागत नाही."

तेव्हा मंडळी, दोन-चार हंसांसाठी यंत्राच्या मागे लागू नका. हंसाची मादी स्वतः बसली तर उत्तमच. नाहीतर पुढीलप्रमाणे करा.

नराबरोबर असलेल्या मादीचीच अंडी घ्या. ती स्वच्छ, बिनतडकीची आणि आठ दिवसांच्या आतली असावीत. कोंबडी दोन-तीन दिवस घट्ट बसते याची खात्री झाल्यावर अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात पाटीत पेंढा घालून तिच्याखाली चार ते सहा अंडी ठेवा. अंडं जड असल्याने तिला ते फिरवता येत नाही. म्हणून ती दाण्यावर उतरली की तुम्हीच दिवसातून दोन-तीनदा फिरवा. एका बाजूला कोळशाने खूण करा, म्हणजे चूक होणार नाही.

दहाव्या दिवशी रात्री अंडं बत्तीसमोर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, अगदी स्वच्छ दिसलं तर काढून टाका. १५ दिवसांनंतर रोज अंड्यांवर कोमट पाणी शिंपडा. हंसाची मादी आपल्या ओल्या पिसांनी हेच करते. कोंबडीचे दिवस २१, हंसाचे सुमारे ३०. म्हणून दाणापाणी जवळच ठेवा, नाहीतर कंटाळून ती उठेल. शेवटचे तीन दिवस अंड्यांना हात लावू नका. पिल्लू कवच फोडायला वेळ घेतं, घाईने सोलू नका.

इजिप्तच्या भट्टीने, रेओमूरने आणि यंत्राने खुडूक कोंबडीचीच नक्कल केली. ऊब, ओल, हवा आणि फिरवणं, एवढ्याच चार गोष्टी. मूळ आपल्या खुराड्यात आहे. खुडूक झाली म्हणून तिला पाण्यात बुचकळू नका, बाजारात धाडू नका. चांगली बसणारी एक गावठी कोंबडी घरात राखा. ती गेली तर तिच्याबरोबर आजीची विद्याही जाईल.

हे पत्रक घरच्या कारभारणीला जरूर वाचून दाखवा. खुराडं बहुधा तिच्याच हाती असतं.