पोहरादेवीत पुढारी येतो तेव्हा

मंगळवार, 23 फेब्रुवारी 2021. दिग्रसकडून पोहरादेवीला येणारा रस्ता सकाळपासून जीप, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलींनी भरून गेला आहे आणि तुम्ही त्या गर्दीत अंग चोरून उभे आहात. कोरोनाची दुसरी लाट दारात आली आहे, जमावबंदी आहे, पोलीस भोंग्यावरून परत फिरायला सांगताहेत. कोणी परत फिरत नाही. पंधरा दिवस कोणाच्या नजरेस न पडलेले वनमंत्री संजय राठोड आज इथे येणार आहेत. एका तरुणीच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर आरोप झाले आहेत, ते त्यांनी फेटाळले आहेत. ते इथे येतात, जगदंबेच्या आणि सेवालाल महाराजांच्या दर्शनाला.

तुमच्या शेजारी फेटिया-काचळीतली एक म्हातारी उभी आहे. मनगटापासून कोपरापर्यंत बलिया, कपाळावर घामाची रेघ. लाठ्या हवेत फिरल्या की लोकांची लाट मागे येते आणि ती तुमच्या दंडाला धरून तोल सावरते. ‘‘याडी, कशाला आलीस एवढ्या गर्दीत?’’ तुम्ही विचारता. ‘‘आपला माणूस अडचणीत आहे म्हणाले. गाडी आली होती तांड्यावर,’’ ती म्हणते. मग थोडं थांबून, अगदी हळू : ‘‘आमच्या अडचणीला गाडी येत नाही.’’

ही दोन वाक्यं एकाच तोंडातून आलेली आहेत. वाशीम जिल्ह्यातल्या बंजारा समाजाचं राजकारण कळून घ्यायचं असेल तर या दोन वाक्यांमधल्या जागेत उभं राहावं लागतं. आपल्या माणसासाठी धावून जाणारी माया आहे आणि त्याच माणसाबद्दलचा खोल अविश्वासही आहे. पाच दिवसांनी, 28 फेब्रुवारीला, राठोडांनी राजीनामा दिला. ऑगस्ट 2022 मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. त्या जमावावर गुन्हे नोंदले गेले आणि गर्दीनंतरच्या काही दिवसांत पोहरादेवीत कोरोनाचे रुग्ण निघाले, त्यात एक महंतही होते. म्हातारी कोणत्या तांड्याची होती, ती घरी धड पोचली का, हे विचारायला कोणी गेलं नाही.

हा अविश्वास आला कुठून, ते पाहायचं तर फार मागे जावं लागेल. चला.

सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. वऱ्हाडातून लदेणी चालली आहे. हजारो बैल, प्रत्येकाच्या पाठीवर धान्याच्या नाहीतर मिठाच्या गोण्या, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा. धुळीने तुमचे डोळे चुरचुरताहेत. संध्याकाळी मुक्काम पडतो, गोण्या उतरवून त्यांची भिंत रचली जाते, आत बायका चुली पेटवतात. रात्री नायक, कारभारी आणि हसाबी शेकोटीभोवती बसतात. आज चर्चा एका ताम्रपटाची आहे. दख्खनवर चाल करून आलेल्या शाहजहानच्या फौजेला धान्य पुरवायचं, त्या बदल्यात वजीर आसफखानाने भंगी आणि जंगी या नायकांना सोन्याच्या अक्षरांत वचन लिहून दिलं, अशी परंपरा आहे : तांड्याला लागेल तिथलं पाणी, छपराचं गवत, आणि दिवसाला तीन खून माफ. कोणी तरुण कौतुकाने सांगतो, बादशहा आपल्याला मानतो. शेकोटीपलीकडून एक जुना माणूस म्हणतो, ‘‘त्याला बैल हवेत. बैल आहेत तोवर अक्षरं सोन्याची.’’

लक्षात घ्या, तांड्यात नायकालाही जाब विचारला जातो. मुक्काम चुकला, माल बुडाला, न्याय वाकडा झाला तर त्याच शेकोटीभोवती त्याला उत्तर द्यावं लागतं. नेत्यावर संशय घेणं हा तिथे अपराध नाही, ती रोजची रीत आहे. पुढच्या शतकात, 1739 साली जन्मलेले सेवालाल महाराज हीच रीत धर्माच्या पातळीवर नेतात. त्यांची शिकवण समाजात आजही तोंडपाठ आहे : आधी जाणून घ्या, मग चाळून घ्या, त्यानंतरच माना. संताने स्वतःच्याही शब्दाला ही चाळणी लावायला सांगितली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. त्याच सेवालालांची समाधी पोहरादेवीला आहे आणि म्हणून हे गाव समाजाची काशी आहे.

थोडं पुढे या. 29 नोव्हेंबर 1803, अकोटजवळचं अडगाव. आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज भोसल्यांच्या फौजेला भिडते आहे, आणि तिच्या तोफांमागे धान्य वाहणारे बैल बंजाऱ्यांचे आहेत. तांडा लढत नाही, विकतो. कोण जिंकलं याने गोणीची किंमत ठरते, निष्ठा ठरत नाही. आणखी साठेक वर्षांत अकोल्यावरून नागपूरला रेल्वे पोचते आणि बैलांची गरज संपते. जुन्या माणसाचं म्हणणं खरं ठरतं. वाशीम तेव्हा इंग्रजी कागदांत ‘बासिम’ आहे, आणि वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांची इंग्रजीतली सविस्तर माहिती कोण लिहितो? पोलीस खात्यातला कंबरलेज नावाचा अधिकारी. त्याचं टिपण 1882 साली छापलं गेलं. ज्यांना एकेकाळी तीन खून माफ होते, त्यांची माहिती आता पोलीस जमवत होते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातल्या अनेक भटक्या जमाती जन्मतःच संशयित ठरवल्या होत्या. तुम्ही मानोऱ्याजवळच्या जंगलकडेला नव्याने उभ्या राहिलेल्या झोपड्यांत रात्र काढा. फिरता तांडा कायमचा थांबला तो असा, नापीक बरडावर, दुसऱ्यांच्या गावापासून लांब.

आता 5 डिसेंबर 1963. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आहेत. तांड्यात नगारा वाजतो आहे, बायका फेर धरून नाचताहेत, आणि तुमच्याही अंगावर काटा येतो. 31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला त्याला अकरा वर्षं होताहेत तोच त्या समाजाचा मुलगा राज्याचा प्रमुख होतो, ही साधी गोष्ट नव्हे. ते 1975 पर्यंत, सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, त्या खुर्चीवर राहिले. संकरित ज्वारी आली, दुष्काळात हाताला काम देणारी रोजगार हमी आली. पुढे 1991 मध्ये सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. हा अभिमान खोटा नाही आणि तो कोणी हिरावूनही घेऊ नये.

पण अभिमानाच्या भरात चाळणी बाजूला पडली. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातले लंबाडा अनुसूचित जमातींत गेले. कर्नाटकातले अनुसूचित जातींत आहेत. महाराष्ट्रातले त्यांचेच भाऊबंद राज्यापुरत्या विमुक्त जातींत राहिले, केंद्राच्या यादीत ते इतर मागासवर्गीय. बहीण आदिलाबादला दिली तर तिची मुलं आदिवासी, भाऊ मानोऱ्यात राहिला तर त्याची मुलं विमुक्त. दोन मुख्यमंत्री देणाऱ्या समाजाला हा फरक का, या प्रश्नाचं सरळ उत्तर एकाही सरकारकडून मिळालं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेट मान्य झालं आणि त्याच आधारे अनुसूचित जमातींत घ्या म्हणत बंजारा मोर्चे पुन्हा रस्त्यावर आले. आदिवासी संघटनांनी विरोध केला. त्यांची भीतीही चाळून पाहण्यासारखी आहे, कारण वाटा वाढवून देण्याचं आश्वासन कोणताही पुढारी त्यांना देत नाही. दोन गरिबांना समोरासमोर उभं करून मधून निसटायचं, हे राजकारण जुनं आहे.

आता थोडं मागे या. शुक्रवार, 30 ऑक्टोबर 2020. कोजागिरीची रात्र. मुंबईच्या रुग्णालयात पोहरादेवीच्या गादीवरचे रामराव महाराज गेल्याची बातमी पोहरादेवीत येते. लहानपणी गादीवर बसलेला, आयुष्यभर ब्रह्मचारी राहिलेला, धान्याचा कण न खाता फळं आणि दुधावर जगलेला माणूस. त्यांच्या पायाशी सगळ्या पक्षांचे पुढारी येऊन बसले आणि ते सगळ्यांना भेटले. तुम्ही रडणाऱ्या माणसांमधून वाट काढत समाधीच्या दिशेने जाता तेव्हा एक गोष्ट जाणवते : इथे पक्षाचा झेंडा नाही, पांढराच आहे. लोकांचा विश्वास या माणसावर होता, कारण त्याला कोणाकडून काही नको होतं. स्वतः निवडणुकीला उभा न राहणारा कोणीतरी असला की उभं राहणाऱ्यांना जोखता येतं.

त्यानंतरचं सगळं भराभर घडतं. 12 फेब्रुवारी 2023 ला मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री येतात, उंच सेवाध्वज उभा राहतो, शेकडो कोटींच्या विकासाची घोषणा होते. एक महंत आधीच उद्धव ठाकरेंच्या पक्षात गेलेले असतात. 5 ऑक्टोबर 2024 च्या शनिवारी पंतप्रधान येतात. तुम्ही मंडपात आहात, उकाडा आहे, ते नगारा वाजवतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन होतं, चार मजली, तेरा दालनांचं. त्याची पायाभरणी 3 डिसेंबर 2018 ची. सहा वर्षं चाललेलं काम निवडणुकीच्या तोंडावर पूर्ण झालं. दहा दिवसांनी, 15 ऑक्टोबरला, आता गादीवर असलेले बाबूसिंग महाराज राठोड राज्यपालनियुक्त आमदार म्हणून शपथ घेतात, आणि त्याच दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर होते.

संग्रहालय झालं याचा मला आनंद आहे. ज्यांची माहिती पोलिसांनी लिहिली, त्यांचा इतिहास त्यांच्याच गावात मांडला गेला, ही उशिरा का होईना न्यायाची गोष्ट आहे. पण गादी सभागृहात गेली, हे मला पटलेलं नाही. कोणत्याही पक्षाच्या सभागृहात गेली असती तरी पटलं नसतं. आता पुढाऱ्याबद्दलची तक्रार तांड्याने कोणाकडे न्यायची?

शेवटचा मुक्काम. दिवाळी झाली आहे. मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर पहाटे ट्रॅक्टर उभा आहे. ट्रॉलीत पत्रे, पिठाचा डबा, कोंबड्या, दोन कोयते आणि गोधडीत गुंडाळलेलं मूल. मुकादमाची उचल घेतलेली आहे, ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायचा. शाळेत जाणारी मुलगी ट्रॉलीत चढते, तिचं दप्तर आजीकडे राहतं. भिंतीवर तीन पक्षांच्या पुढाऱ्यांचे हसरे फोटो आहेत, वर सेवालाल महाराज आहेत. घराला कुलूप लागतं. या वस्तीला अजून महसुली गावाचा दर्जा नाही, म्हणून तिच्या नावाची ग्रामपंचायत नाही आणि घराखालच्या जागेचा उतारा नाही.

येत्या रामनवमीला तुम्ही खरोखर पोहरादेवीला जाल. लाखोंची यात्रा असेल, भोग लागेल, अरदास होईल, आणि व्यासपीठावर कोणीतरी पुढारी असेलच. त्याला हार घाला, पण हार घालण्याआधी तिथल्या तिथे, माइकवर, तीन गोष्टी विचारा : तुमच्या मतदारसंघातले किती तांडे महसुली गाव झाले, ऊसतोडीला गेलेल्या किती मुलांची शाळा सुटली, आणि आरक्षणाच्या यादीबद्दल दिल्लीला तुम्ही लिहिलेलं पत्र कुठे आहे. उत्तर मिळालं नाही तर हार खाली ठेवा आणि महाराजांच्या समाधीला घाला.