मोटारगाडीतील इंधनपुरवठा : उच्च अश्वशक्तीची एंजिने

मोटारगाडीच्या टाकीतील द्रव इंधन योग्य दाबाने व पुरेशा प्रमाणात एंजिनापर्यंत पोहोचविणाऱ्या व्यवस्थेस इंधनपुरवठा यंत्रणा म्हणतात. टाकी, गाळणी, पंप, नळ्या, दाब नियंत्रक आणि कार्ब्युरेटर किंवा अंतःक्षेपक (इंधनाचा तुषार सोडणारी झडप) हे तिचे मुख्य भाग होत. सामान्य गाडीत ही यंत्रणा सहसा लक्षातही येत नाही. एंजिनाची शक्ती वाढवीत नेली म्हणजे मात्र एका मर्यादेनंतर ती शक्ती नळीतून येणाऱ्या इंधनानेच ठरू लागते. पुरवठा अपुरा पडल्यास हवा-इंधन मिश्रण विरळ होते. पूर्ण भारावर चालणाऱ्या एंजिनात, विशेषतः अतिभरण (सिलिंडरात जादा हवा दाबून भरणे) केलेल्या एंजिनात, विरळ मिश्रणामुळे तापमान वाढते, अवेळी स्फोटक ज्वलन होऊन ठोके बसतात आणि अल्पावधीतच दट्ट्याचा माथा वितळू शकतो. हा दोष एंजिन मंद चालत असताना दिसत नाही. नेमका सर्वाधिक शक्ती घेतानाच प्रकट होतो. म्हणून पंप व नळी यांची निवड नेहमी सर्वांत प्रतिकूल क्षण गृहीत धरून करावी लागते. या यंत्रणेचा इतिहास म्हणजे हा प्रतिकूल क्षण क्रमाक्रमाने ओळखला जाण्याचा इतिहास होय.

प्रारंभीचा काळ : सुरुवातीच्या अनेक गाड्यांत इंधन केवळ गुरुत्वाने वाहत असे. 1908 ते 1927 या काळात तयार झालेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’ गाडीचे एंजिन सु. 20 अश्वशक्तीचे असून तिची टाकी पुढील आसनाखाली असे. तीव्र चढावर गाडीचा पुढचा भाग उचलला गेला आणि टाकीत इंधन थोडे असले, तर कार्ब्युरेटर इंधनाच्या पातळीच्या वर जाई. अशा वेळी चालक गाडी उलटी फिरवून मागच्या चालीने चढ चढत. अर्ध्या मीटर उंचीमुळे मिळणारा दाब 0.04 बारपेक्षाही कमी असतो (1 बार म्हणजे सुमारे वातावरणाचा दाब). एवढा दाब मोठ्या एंजिनाला पुरणे शक्य नव्हते.

शर्यतीच्या गाड्यांत टाकी मागे, चाकांच्या जवळ ठेवणे सोयीचे असल्याने टाकीत हवा दाबून इंधन पुढे ढकलण्याची पद्धत आली. हा दाब टिकविण्यासाठी चालकाशेजारी बसलेल्या यांत्रिकाला वेळोवेळी हातपंप मारावा लागे. टाकीचे झाकण किंवा एखादा सांधा सैल झाला की दाब जाऊन एंजिन बंद पडे. गळती झाल्यास दाबाखालील पेट्रोल बाहेर फवारले जाऊन आगीचा धोकाही उद्‌भवे. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात निर्वात टाकीची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमधील ‘ऑटोव्हॅक’ हा तिचा परिचित प्रकार होय. यात एंजिनाच्या आदान नळीतील निर्वाताने इंधन वरच्या छोट्या टाकीत ओढले जाई व तेथून ते गुरुत्वाने कार्ब्युरेटरकडे जाई. परंतु थ्रॉटल पूर्ण उघडला असता आदान नळीतील निर्वात जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे इंधनाची गरज सर्वांत जास्त असते, त्याच वेळी ते ओढण्याची शक्ती सर्वांत कमी असे. लांब चढावर छोटी टाकी रिकामी होऊन गाडी अडत असे, ती यामुळेच.

यांत्रिक व विद्युत् पंप : 1920 च्या दशकाच्या अखेरीस एंजिनाच्या कॅम दंडाने हालविला जाणारा पटल पंप (लवचिक पडद्याच्या वरखाली हालचालीने द्रव ओढणारा पंप) प्रचारात आला. एंजिनाचा वेग वाढला की पंपाचे कामही वाढे, हा त्याचा मोठा गुण होता. तथापि तो गरम एंजिनावरच बसविलेला असे व दूरच्या टाकीतून इंधन ओढीत असे. ओढणाऱ्या बाजूच्या नळीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो आणि पेट्रोलातील हलके घटक कमी दाबाखाली सहज उकळतात. नळीत बाष्प साचले की पंप द्रवाऐवजी बाष्पच हलवीत राहतो. या दोषास बाष्परोध म्हणतात. यावर उपाय म्हणजे पंप टाकीजवळ ठेवून इंधन ओढण्याऐवजी ढकलणे. हे विद्युत् पंपामुळे शक्य झाले. ब्रिटनमधील एसयू कंपनीचे विद्युत् पंप 1930 च्या दशकापासून अनेक गाड्यांत वापरले गेले.

इंधनाच्या प्रकाराचाही पुरवठ्याशी निकट संबंध आहे. एक किग्रॅ. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सु. 14.7 किग्रॅ. हवा लागते, तर मिथेनॉलास सु. 6.5 किग्रॅ. पुरते. अर्थात तेवढ्याच हवेसाठी मिथेनॉल दुपटीहून अधिक पुरवावे लागते. 1951 सालची अल्फा रोमिओ 159 ही शर्यतीची गाडी केवळ 1.5 लि. क्षमतेच्या अतिभरित एंजिनापासून सु. 425 अश्वशक्ती देई. मात्र मिथेनॉलयुक्त इंधनाच्या प्रत्येक लिटरमागे ती एक किमी.सुद्धा जात नसे. त्या वर्षी 14 जुलै रोजी सिल्व्हरस्टोन येथे 4.5 लि. च्या, अतिभरण नसलेल्या फेरारी गाडीने अल्फा संघास हरविले. फेरारीचा कमी इंधनखर्च हे या विजयाचे एक महत्त्वाचे कारण होते.

नळीचे माप : पंप व नळी यांची निवड आकडेमोडीने कशी होते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. टर्बो-अतिभरित पेट्रोल एंजिनास पूर्ण भारावर दर अश्वशक्तीस ताशी सु. 0.27 किग्रॅ. इंधन लागते. म्हणून 500 अश्वशक्तीसाठी ताशी 135 किग्रॅ., म्हणजे सु. 180 लि. इंधन हवे. पंपाची झीज, गाळणीतील अडथळा इत्यादींसाठी पाचवा हिस्सा राखीव धरल्यास ही गरज ताशी सु. 220 लि. होते. हा प्रवाह 8 मिमी. आतील व्यासाच्या 4 मी. लांब नळीतून सेकंदाला सु. 1.2 मी. वेगाने जातो व त्यात सु. 0.07 बार दाब खर्च होतो. व्यास 6 मिमी. केल्यास वेग सु. 2.2 मी. होतो, दाबातील घट मात्र जवळजवळ चौपट, म्हणजे सु. 0.3 बार होते. दोन मिमी.चा फरक डोळ्यांना किरकोळ वाटला, तरी प्रवाहाच्या दृष्टीने तो तसा नाही.

ही 0.3 बारची घट सर्वत्र सारखी घातक नसते. 4 बार दाबावर चालणाऱ्या अंतःक्षेपण यंत्रणेत पंपापुढील नळीत ती झाली, तर काहीसा अधिक दाब देणारा पंप ती भरून काढतो. कार्ब्युरेटरला मिळणारा दाबच 0.3 ते 0.5 बार असल्याने तेथे तीच घट बहुतेक दाब गिळून टाकते. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूस तर वातावरणाच्या एका बारखेरीज दुसरा आधारच नसतो व तप्त पेट्रोलाचा बाष्पदाब त्यातील मोठा वाटा आधीच व्यापतो. म्हणून टाकी ते पंप हा भाग आखूड व रुंद ठेवावा, हा नियम रूढ झाला. अमेरिकेत 1960 च्या दशकातील अनेक उच्चशक्ती गाड्यांना 5/16 इंचाऐवजी 3/8 इंच व्यासाच्या नळ्या बसविण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी विमानांच्या प्रमाणित जोडण्याही शर्यतीच्या गाड्यांत आल्या. त्यांचा क्रमांक नळीचा बाहेरील व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत दाखवितो; 6 क्रमांक म्हणजे 3/8 इंच व 8 क्रमांक म्हणजे अर्धा इंच.

अल्प अंतराच्या वेगशर्यतींत आणखी एक अडचण उद्‌भवते. गाडी गुरुत्वाच्या त्वरणाइतक्या त्वरणाने सुटली, तर मागून पुढे जाणाऱ्या 3 मी. लांब नळीतील पेट्रोलाच्या जडत्वावर मात करण्यासच सु. 0.2 बार दाब लागतो. त्यामुळे पंप अधिक दाबाचा घेऊन दाब नियंत्रक कार्ब्युरेटरच्या जवळ बसवितात.

अंतःक्षेपणाचा काळ : 1954 साली मर्सिडीझ-बेंझ 300 एसएल या गाडीत बॉश कंपनीचा यांत्रिक पंप वापरून पेट्रोल थेट सिलिंडरात सोडण्यात आले. 3 लि. चे हे एंजिन 215 अश्वशक्ती देई. यामागे जर्मन विमान एंजिनांतील थेट अंतःक्षेपणाचा अनुभव होता. 1967 मध्ये बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिकीय यंत्रणा फोक्सवॅगन गाडीत आली. तीत विद्युत् पंप इंधन सतत फिरविता ठेवतो आणि नियंत्रक जादा इंधन परतीच्या नळीने टाकीत पाठवितो. वाहते इंधन नळीत तापत राहत नसल्याने बाष्परोध टळतो. पुढे पंप टाकीतच, इंधनात बुडवून ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. ओढणारी लांब नळी त्यामुळे नाहीशी झाली.

पंपावर लिहिलेला आकडा मात्र फसवा ठरू शकतो. मोकळ्या प्रवाहात ताशी 250 लि. देणारा पंप दाब वाढताच बराच कमी देतो. अतिभरित एंजिनात इंधनाचा दाब आदान नळीतील दाबाबरोबर वाढवावा लागतो. त्यामुळे गरज वाढते तसतशी पंपाची क्षमता घटते. पंपाच्या तारा बारीक असल्यास विद्युत् दाब उतरतो व प्रवाह आणखी कमी होतो. म्हणून क्षमता प्रत्यक्ष दाबाला व प्रत्यक्ष विद्युत् दाबाला मोजलेली पहावी लागते. उलटपक्षी गरजेपेक्षा फार मोठा पंपही योग्य नव्हे. मंद गतीत तो इंधन व्यर्थ फिरवून तापवितो आणि परतीची नळी अरुंद असल्यास दाब नियंत्रकाच्या आवाक्याबाहेर जातो. वळणावर इंधन टाकीच्या एका कडेला गेले असता पंपाने हवा ओढू नये, म्हणून टाकीत आडपडदे किंवा वेगळी लहान संचय टाकी ठेवतात.

आधुनिक थेट अंतःक्षेपणात टाकीतील कमी दाबाचा पंप एंजिनावरील दुसऱ्या पंपास इंधन देतो आणि हा दुसरा पंप दाब 200 बार किंवा त्याहून अधिक करतो. तथापि पहिल्या पंपाचा पुरवठा तुटला तर दुसरा निरुपयोगी ठरतो. शक्ती व इंधनप्रवाह यांचे नाते शर्यतींच्या नियमांतही मान्य झाले आहे. फॉर्म्युला वन शर्यतींत 2014 साली लागू झालेल्या नियमांनी एंजिनास ताशी 100 किग्रॅ. पेक्षा अधिक इंधन घेण्यास मनाई केली. नळी व पंप यांच्या उणिवेमुळे पूर्वी आपोआप पडणारी मर्यादा अशा रीतीने जाणीवपूर्वक घालण्यात आली आणि मिळेल तेवढ्या इंधनातून अधिकाधिक शक्ती काढणे हे अभिकल्पकांचे मुख्य काम झाले.