अप्रत्यक्ष चित्रण (एक्स विंडो प्रणाली)

एक्स विंडो प्रणालीत त्रिमित चित्र पडद्यावर आणण्याची एक रीत. यात प्रोग्रॅम ओपनजीएलच्या आज्ञा स्वतः ग्राफिक्स कार्डापर्यंत नेत नाही. जीएलएक्स विस्ताराच्या संदेशांत बांधून त्या एक्स सर्व्हरकडे धाडतो आणि चित्र सर्व्हर काढतो. त्यामुळे प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर असला तरी चालते. याउलट प्रत्यक्ष चित्रणात प्रोग्रॅम कर्नेलच्या मदतीने थेट कार्डाशी बोलतो. मुक्त प्रणालींत ही सोय डीआरआय या रचनेने आणली. ती एक्सफ्री८६ या एक्स सर्व्हरच्या ४.० आवृत्तीत (२०००) आली.

अप्रत्यक्ष चित्रण म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या प्रवेगाविना चित्रण, हा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. एक्सफ्री८६च्या सर्व्हरमध्ये या कामासाठी मेसा या ओपनजीएल संचाचा केवळ सॉफ्टवेअरवर चालणारा भाग जोडलेला होता, म्हणून सगळा भार सीपीयूवर पडे. दोष त्या जोडणीचा होता, जीएलएक्सचा नव्हे. २००६ मध्ये रेड हॅटच्या क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांच्या एआयजीएलएक्स या कामाने सर्व्हरलाच डीआरआय ड्रायव्हर वापरता येऊ लागला. त्याची निकडही होती. कॉम्पिझसारख्या विंडो व्यवस्थापकांना प्रत्येक खिडकीतले चित्र टेक्श्चर म्हणून हवे असे, पण त्या खिडक्यांचे पिक्समॅप (चित्रसाठे) सर्व्हरच्या ताब्यात होते आणि तेव्हाच्या डीआरआयमध्ये ते प्रोग्रॅमला थेट वापरता येत नव्हते. त्याच सुमारास नोव्हेलच्या डेव्हिड रेव्हमन यांचा एक्सजीएल हा पर्यायही पुढे आला. त्यात अख्खा सर्व्हर ओपनजीएलवर उभारला होता. दोन्हींच्या गुणदोषांबद्दल मतभेद होते. पुढे डीआरआय२ मध्ये सर्व्हर आणि प्रोग्रॅम यांना बफर वाटून घेता येऊ लागले, तेव्हा विंडो व्यवस्थापकांना अप्रत्यक्ष चित्रणाची गरज उरली नाही.

मर्यादा : मेसाच्या अप्रत्यक्ष मार्गावर साधारणपणे ओपनजीएल १.४ इतकीच क्षमता मिळते; शेडर वापरणारे आधुनिक प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत. शिरोबिंदूंच्या मोठ्या याद्या प्रत्येक चौकटीसाठी पुन्हा पाठवाव्या लागतात. सर्व्हरमध्येच साठणारी डिस्प्ले लिस्ट वापरली तर हा खर्च वाचतो.

सुरक्षा : डिसेंबर २०१४ मध्ये एक्स सर्व्हर विकसित करणाऱ्या एक्स.ऑर्गने जीएलएक्स संदेशांची लांबी नीट न तपासल्याने राहिलेल्या अनेक त्रुटी जाहीर केल्या. एक्स.ऑर्ग सर्व्हर १.१७ (२०१५) पासून अप्रत्यक्ष चित्रण मुळात बंद असते. हवे असल्यास ‘+आयजीएलएक्स’ हा पर्याय देऊन सुरू करावे लागते.

वेलँड : एक्सला पर्याय असलेल्या या प्रोटोकॉलमध्ये चित्रणाच्या आज्ञाच नाहीत, त्यामुळे अप्रत्यक्ष चित्रणाचा प्रश्नच येत नाही.