दिनविशेष : १७ जुलै – बॉब टेलर यांचा जन्म

इंग्लंडचे यष्टिरक्षक बॉब टेलर यांचा जन्म १७ जुलै १९४१ रोजी स्टोक-ऑन-ट्रेंट येथे झाला. १९६१पासून डर्बीशायर कौंटीकडून खेळताना यष्टिरक्षण ही स्वतंत्र कला आहे, हे त्यांनी सिद्ध केले. प्रथम श्रेणीत यष्टींमागे टिपलेले त्यांचे १,६४९ बळी हा विश्वविक्रम आहे. तरीही १९७१मधील पदार्पणानंतर दुसऱ्या कसोटीसाठी त्यांना १९७७पर्यंत थांबावे लागले; फलंदाजीत सरस असलेले अ‍ॅलन नॉट ऑस्ट्रेलियन उद्योगपती केरी पॅकर यांच्या बंडखोर मालिकेत गेले, तेव्हाच जागा रिकामी झाली.

टेलर यांची कसोटीतील फलंदाजीची १६ची सरासरी पाहता निवड समितीचे काय चुकले, असे कुणी विचारेल. नॉटही अव्वल यष्टिरक्षक होते, हे खरेच. पण १९८०ची वानखेडेवरील, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भारताविरुद्ध झालेली कसोटी पाहा. इयान बोथम यांचे १३ बळी सर्वांना आठवतात. त्याच सामन्यात टेलर यांनी पहिल्या डावात ७ आणि एकूण १० झेल घेतले. इंग्लंड ५ बाद ५८ असे अडचणीत असताना बोथमसोबत त्यांनी १७१ धावांची भागीदारीही केली. पंचांनी बाद दिलेल्या टेलरना भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी परत बोलावले, ते याच डावात. धावा धावफलकावर दिसतात; सुटलेल्या झेलाची किंमत मात्र तिथे दिसत नाही. म्हणूनच यष्टिरक्षक आधी हातमोज्यांवरून निवडावा, धावा नंतर मोजाव्यात.