तळटीप : ‘रशियाने एकट्यानेच हिटलरला लोळवले असते’

लेखकाचे हे विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही. मॉस्कोच्या वेशीवर डिसेंबर 1941मध्ये जर्मन फौज अडली, 2 फेब्रुवारी 1943 रोजी स्टालिनग्राडला उरलीसुरली जर्मन सेना शरण आली. तोवर अमेरिकेच्या ‘लेंड-लीज’ मदतीचा मोठा भाग पोहोचलाही नव्हता. पराभव टळला तो सोव्हिएत शिपायांच्या रक्तावर (नुसते ‘रशियन’ म्हणणे अपुरे; त्यांत युक्रेनी, कझाख, जॉर्जियनही होते). पण तग धरणे वेगळे आणि बर्लिन गाठणे वेगळे. सोव्हिएत कारखाने रणगाड्यांत गुंतले होते, रेल्वे इंजिने बनवणे जवळपास थांबले होते. ती उणीव अमेरिकेच्या सुमारे 1,900 इंजिनांनी भरून काढली. ट्रक आणि जीप मिळून चार लाखांच्या आसपास गाड्या आल्या. ‘कात्यूशा’ अग्निबाणांचे सांगाडे स्टुडबेकर ट्रकच्या पाठीवर बसवले जात, शिपायाच्या शिध्यात अमेरिकेचे डबाबंद मांस असे. नोव्हेंबर 1943मध्ये तेहरानला खुद्द स्टालिनने या यंत्रांचे ऋण मान्य केले. आमच्या मते, मदतीवाचूनही विजय अशक्य नव्हता. मात्र युद्ध लांबले असते आणि माणसे आणखी मेली असती. झालेल्या युद्धातच सोव्हिएत बळी सुमारे 2 कोटी 70 लाख आहेत. – संपादक