पुरुषी टक्कल आणि लवकर येणारे यौवन

पुरुषी टक्कल : आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या पुरुषांच्या डोक्यावरचे केस पुरुषी संप्रेरकांमुळे ठराविक क्रमाने विरळ होत जाणे. सुरुवात कपाळाच्या कोपऱ्यांपासून किंवा टाळूवरून होते. कानांवरचे व मानेकडचे केस बहुधा टिकतात. हॅमिल्टन-नॉरवुड वर्गीकरणात याच्या 7 पायऱ्या आहेत.

कारणे : वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढते. 5-अल्फा रिडक्टेज या विकरामुळे त्यातील काही भागाचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते. संवेदनशील केशकूप त्याच्या प्रभावाने आक्रसतात, केसांच्या वाढीचा काळ आखूड होतो आणि जाड केसाच्या जागी लव उरते. हेच संप्रेरक दाढी मात्र दाट करते. जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवून दिले, की वयात येण्यापूर्वी वृषणे काढलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर मात्र त्यांपैकी घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस गळू लागतात.

यौवनाशी संबंध : जर्मनीतील बॉन विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील 2017 च्या अभ्यासात 20 हजारांहून अधिक पुरुषांच्या जनुकीय माहितीवरून टक्कलाशी निगडित 63 जनुकीय स्थाने आढळली. त्यांतील काही लवकर येणाऱ्या यौवनाशी व कमी उंचीशीही जोडलेली आहेत. टक्कल व लवकर येणारे यौवन यांची काही मुळे सामाईक आहेत, एवढाच याचा अर्थ. लवकर मिसरूड फुटलेल्या मुलाला टक्कल पडेलच, असे त्यावरून सांगता येत नाही. टक्कल आजोळकडून येते हा समजही अपुरा आहे : पुरुषी संप्रेरकांच्या ग्राहीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलाला आईकडून मिळते, पण इतर अनेक जनुके वडिलांकडूनही येतात.

इतर केसगळती : चाईत केस गोल चट्ट्यांनी जातात. डिसेंबर 2024-जानेवारी 2025 मध्ये वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आदी गावांत बायका-मुलांसह अनेकांचे केस काही दिवसांतच गळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने तेथे पाहणी केली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियम हे त्याचे कारण सांगितले. पुरुषी टक्कल असे अचानक किंवा गावभर पडत नाही. ते वर्षानुवर्षे हळूहळू वाढते.

उपचार : मिनॉक्सिडिल डोक्याला लावतात, फिनास्टेराइड गोळीला अमेरिकेत 1997 मध्ये टक्कलासाठी मान्यता मिळाली. औषध थांबवल्यास केस पुन्हा गळू लागतात. अठरा वर्षांखालील मुलांना ही औषधे स्वतःहून देऊ नयेत.

अकाली यौवन : मुलग्यात वयाच्या 9 वर्षांपूर्वी यौवनाची लक्षणे दिसल्यास ते अकाली यौवन समजतात. त्यात हाडांची वाढ लवकर थांबून उंची खुंटू शकते. क्वचित मेंदूतील किंवा अधिवृक्क ग्रंथीतील विकारही त्यामागे असतो. म्हणून अशा मुलाला केसांच्या काळजीपोटी नव्हे, तर या कारणांसाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.