सिग्नलचा हात आधी कुठे असावा?

मंडळी, कल्याणहून अंबरनाथ, बदलापूर ओलांडून पळसदरीकडे जाणारा आपला लोहमार्ग 1856 सालचा. उल्हासनगर तेव्हा नव्हतंच, ते 1949 मधलं. रेल्वेचे हात असलेले जुने सिग्नल तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. त्यालाच सेमाफोर म्हणत. 1960 नंतर लवकरच डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी हा शब्द संगणकात आणला.

त्यांचा सेमाफोर म्हणजे एक आकडा. काम सुरू करताना तो एकाने कमी करायचा, शून्य असेल तर थांबायचं. काम झालं की एकाने वाढवायचा. पण सुरुवातीला तो आकडा किती? सगळी मेख इथे आहे. एका वेळी एकच गाडी सोडायची तर 1. तिकिटाच्या पाच खिडक्या असतील तर 5. आणि गार्डाची घंटा झाल्याशिवाय मोटरमनने लोकल हलवायची नाही, तर 0. यंत्रणा तीच, पण अर्थ ठरतो पहिल्या आकड्याने. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे फार आवडतं!

रेल्वेला हा धडा महागात पडला. इंग्लंडात पूर्वी काही मार्गांवर सिग्नलचा हात एरवी 'जा' असाच ठेवत. जानेवारी 1876 मध्ये ॲबट्स रिप्टनला बर्फाने हात तिथेच अडकले, गाड्या आदळल्या, माणसं गेली. त्यानंतर मूळ स्थिती 'थांबा' अशी ठरली. परवानगी मागून घ्यायची, गृहीत धरायची नाही.

आता सी भाषेकडे या. युनिक्सच्या 'सिस्टीम फाइव्ह' मध्ये सेमाफोर तयार करायचा 'सेमगेट'ने, आणि आकडा भरायचा नंतर, 'सेमसीटीएल'ने. या दोन पावलांच्या मधे दुसरी प्रोसेस आली तर? खांब उभा आहे, पण हात कुठे ठेवायचा ते अजून कुणी ठरवलेलंच नाही. ज्या साधनाने गोंधळ टाळायचा, त्याच्याच जन्मात गोंधळ. माझ्या मते ही आखणीतलीच चूक होती, वापरणाऱ्याचा आळस नव्हे.

1993 च्या पॉझिक्स प्रमाणकाने दोन्ही पावलं एकत्र केली. 'सेम_इनिट'ला तीन गोष्टी द्यायच्या: सेमाफोरचा पत्ता, वाटणी कुणात, आणि आकडा. वाटणीच्या जागी 0 लिहिलं तर तो एकाच प्रोसेसच्या थ्रेड्सपुरता. प्रोसेसेसमध्ये वापरायचा तर तिथे 1 लिहा, आणि सेमाफोर सामायिक मेमरीतच ठेवा. नाहीतर फोर्कनंतर प्रत्येकाकडे आपापली प्रत, म्हणजे प्रत्येक स्टेशनाचा वेगळाच सिग्नल! आणि हे सगळं थ्रेड सुरू करण्याआधी, एकदाच.

नावाचा सेमाफोर 'सेम_ओपन'ने उघडतात. त्या नावाचा आधीच असेल, तर तुम्ही दिलेला आकडा मुकाट बाजूला पडतो. समजा, मागच्या वेळी प्रोग्राम मधेच कोसळला आणि आकडा 0 वर राहिला. आज तुम्ही 1 देऊन उघडता, मिळतो 0, आणि सगळे वाट बघत बसतात. चूक कुठेच दिसत नाही. तेव्हा जुनं नाव कोणी वापरत नसल्याची खात्री करून आधी 'सेम_अनलिंक' करा, मग नव्याने उघडा.